पुण्यात घरावर सोलर, वीजबचत आणि सबसिडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वारज्याच्या रो-हाउसवर सोलर बसल्यापासून रस्त्याने जाता-येता, भाजी घेताना, लग्नात पंगतीत बसल्यावरसुद्धा लोक थांबवून विचारतात. किती मिळाले, कधी मिळाले, फॉर्म कुठे भरायचा, तुमचं बिल आता किती येतं. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फॉर्म मी शेजारी बसून भरून दिलेत. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. पुण्यात वीज महावितरणची, त्यामुळे बहुतेक माहिती त्या हिशोबाने आहे, मुंबईकरांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

ही नेमकी कुठली योजना?

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना. १३ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली, त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपये मंजूर केले, आणि देशातल्या १ कोटी घरांच्या छतावर सोलर बसवायचं असं ठरलं. मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. नावात मुफ्त बिजली आहे म्हणून पुष्कळ जणांना वाटतं की सरकार पॅनल फुकट बसवून देतं, तसं नाही. पॅनल तुम्ही तुमच्या पैशाने बसवायचे, ते सुरू झाले की ठरलेली रक्कम सरकार तुमच्या बँक खात्यात टाकतं, आणि वीज घरच्या घरी तयार होते म्हणून बिल उतरतं.

सबसिडी किती मिळते?

पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार. म्हणजे १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार, आणि ३ च्या पुढे तुम्ही ५ बसवा नाहीतर १० बसवा, ७८ हजारच. हे आकडे हवेतून आलेले नाहीत, सरकारने पहिल्या दोन किलोवॅटचा खर्च ५० हजार प्रति किलोवॅट धरून त्याचे ६० टक्के दिलेत आणि तिसऱ्याचा ४५ हजार धरून त्याचे ४० टक्के.

आता यात एक बारीक गोष्ट आहे जी व्हेंडर सहसा सांगत नाही. पॅनलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, बॅटरीवाला नव्हे) क्षमता यात जी कमी असेल तिच्यावर सबसिडी मोजतात. समजा ५४० वॅटचे ५ पॅनल लावले, झाले २.७ किलोवॅट, इन्व्हर्टर ३ चा असला तरी सबसिडी २.७ वरच, म्हणजे ६० हजार आणि वरच्या ०.७ चे १२,६०० असे ७२,६००. तेच ६ पॅनल लावले तर ३.२४ किलोवॅट होतात आणि ३ च्या इन्व्हर्टरवर पूर्ण ७८ हजार मिळतात. एका पॅनलचा फरक आहे पण कोटेशन घेतानाच बघितला पाहिजे, नंतर काही करता येत नाही.

राज्य सरकारचं वेगळं काही आहे का?

आहे, पण कमी वीज वापरणाऱ्यांसाठी. २०२५ मध्ये राज्याने स्मार्ट नावाची योजना आणली, पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी रूफटॉप सोलर योजना. दारिद्र्यरेषेखालचे ग्राहक आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेले ग्राहक यांना १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना १५ हजार, बाकीच्यांना १० हजार. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन काका, ज्यांचं गावाकडे किंवा उपनगरात स्वतःचं छोटं घर आहे त्यांना हे आवर्जून सांगा. बिल चारशे-पाचशेच येतं म्हणून आपल्याला कुठली योजना असणार असं ते धरूनच चालतात.

माझं बिल महिन्याला ३०० युनिटचं आहे, किती किलोवॅट बसवू?

सरकारी तक्ता सांगतो १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० ला २ ते ३, त्याच्यावर असेल तर ३ पेक्षा जास्त. तक्ता बरोबरच आहे. पण माझं कळकळीचं सांगणं आहे की किलोवॅट ठरवायच्या आधी घरातला वापर कमी करा, मग मोजा आणि मग ठरवा. उलटं करू नका.

आमच्याच घरचं सांगते. आमच्याकडे चार पंखे, सगळे जुने, साधारण ७५ वॅटचे. उन्हाळ्यात दिवसाचे बारा तास धरले तर चार पंख्यांचे महिन्याला १०८ युनिट होतात. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो, ३० धरा, म्हणजे तेच चार पंखे ४३ युनिटमध्ये चालतात. महिन्याला ६५ युनिट वाचले. आता १ किलोवॅट सोलर पुण्यात दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, महिन्याला ११०-१२०. म्हणजे चार पंखे बदलणं हे अर्धा किलोवॅट पॅनल लावण्यासारखंच झालं! चार पंखे दहा-बारा हजारात येतात, अर्ध्या किलोवॅटला सरकारी हिशोबानेसुद्धा पंचवीस हजार लागतात, आणि पंख्याला ना छत लागतं ना परवानगी. आम्ही आधी पंखे बदलले, तीन महिने बिल बघितलं आणि मग ३ ऐवजी २ किलोवॅट बसवलं. सबसिडी १८ हजार कमी मिळाली पण खिशातून जाणारे पैसेही कमी झाले. ७८ हजार मिळतात म्हणून ३ किलोवॅट बसवायचं असं करू नका, तुमच्या वापराला २ पुरत असेल तर २ च बसवा.

वापर कसा बघायचा तर महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, त्यातला मे महिना एकटा धरू नका आणि डिसेंबर एकटा पण धरू नका, बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागा. पुढच्या दोन-तीन वर्षांत एसी घ्यायचा असेल, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर ते त्यात मिळवा.

पंखे, फ्रिज, एसी बदलायला सबसिडी मिळते का?

पुण्यात सोलरसारखे खात्यात येणारे पैसे यासाठी नाहीत. पण सरकारने एकदा वेगळ्या पद्धतीने काम केलं होतं ते आठवत असेल, उजाला योजना, जानेवारी २०१५. बिल दाखवून एलईडी बल्ब स्वस्तात मिळायचे. त्यात सबसिडी नव्हतीच, इतक्या मोठ्या संख्येने खरेदी केली की ३१० रुपयांचा खरेदीचा दर दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. आज बल्ब स्वस्त आहेत त्यामागे ते आहे.

बाकी वस्तू घेताना बीईईचं (वीजबचतीचे निकष ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) स्टार लेबल नीट वाचा. नुसते स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो आणि लेबल कुठल्या काळासाठीचं आहे तेही लिहिलेलं असतं. निकष मधून मधून कडक होतात, त्यामुळे जुन्या स्टॉकमधला पाच स्टार नव्या हिशोबात चार किंवा तीनच भरतो. दुकानदार डिस्काउंटमध्ये देतो तो बरेचदा हाच माल असतो. छताच्या पंख्यांना स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचं झालंय.

सोलर वॉटर हीटरला?

केंद्राची सबसिडी केव्हाच बंद झाली. तरी बसवण्यासारखी वस्तू आहे, २ किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तरी महिन्याला ३० युनिट खातो. फक्त गच्चीवर हीटर आणि पॅनल दोन्ही लावणार असाल तर हीटरच्या टाकीची सावली पॅनलवर येणार नाही हे आधी बघा.

मालमत्ता करात सूट मिळते ते खरं का?

खरंय. पुणे महापालिका सोलर, रेनवॉटर हार्वेस्टिंग, गांडूळखत यातलं एक असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देते. आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो, आणि यंत्रणा चालू असली पाहिजे, बंद पडलेला खड्डा दाखवून चालत नाही.

वीजबिल वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत. चालेल का?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोकांचे सगळ्यात जास्त महिने इथेच वाया जातात म्हणून सविस्तर लिहिते.

अर्ज ज्याच्या नावावर वीजबिल आहे त्याच्याच नावाने होतो आणि सबसिडी त्याच नावाच्या बँक खात्यात येते. गेलेल्या माणसाच्या नावाने अर्ज करायचा नाही. आधी महावितरणकडे नाव बदलाचा अर्ज करा, ऑनलाइन होतो, घराच्या मालकीचा कागद, इंडेक्स टू किंवा मालमत्ता कराची पावती किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती तयार ठेवा. नव्या नावाचं एक बिल हातात आलं की मगच सोलरचा अर्ज करा.

माणूस हयात आहे पण नावात फरक आहे, हे त्याहून त्रासाचं, कारण ते लक्षातच येत नाही. आमचं तेच झालं. बिलावर माझ्या सासऱ्यांचं नाव इंग्रजीत आडनाव आधी आणि मधल्या नावाचं फक्त एक अक्षर, बँकेत पूर्ण नाव, आधारवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तीस वर्षं त्या बिलाने काही अडलं नव्हतं. पॅनल बसले, मीटर बसला, वीज सुरू झाली आणि पैसे मात्र पडताळणीत अडकले. सासरे तेव्हा ७९ वर्षांचे, दोन ठिकाणी रांगेत उभे राहिले, प्रत्येक ठिकाणी सांगायचे आधी ते दुरुस्त करून आणा. साडेचार महिने गेले. हेच फॉर्म भरायच्या आधी बघितलं असतं तर दोन आठवड्यांचं काम होतं. म्हणून मी आता कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी ठेवायला सांगते, वीजबिल, आधार, पासबुक, आणि नाव अक्षर अक्षर बोट ठेवून जुळवते. तुम्हीही तेवढं करा.

अर्ज कसा करायचा, टप्पे काय?

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर. अर्जाला फी नाही. राज्य, वीज कंपनी निवडायची, बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो. बिलाची थकबाकी आधी भरून टाका. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आता तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, २०२४ मध्ये नियम बदलला, त्यामुळे तो टप्पा पटकन होतो.

मग नोंदणीकृत व्हेंडर निवडायचा, त्याच्याशी करार करायचा, तो पॅनल बसवतो. बसले की पॅनलचे नंबर, इन्व्हर्टरचा नंबर, तुमचा पॅनलशेजारी उभा फोटो हे सगळं पोर्टलवर चढवायचं. त्यानंतर महावितरणचे लोक बघून जातात, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसतो, पोर्टलवर कमिशनिंगचं, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्याचं, सर्टिफिकेट तयार होतं. ते झालं की बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक अपलोड करायचा. हा शेवटचा टप्पा बरेच जण विसरतात, वीज सुरू झाली म्हणजे काम झालं असं वाटतं आणि मग तीन महिन्यांनी विचारतात पैसे का नाही आले, तर बँकेचा नंबरच दिलेला नसतो. सगळं बरोबर असेल तर साधारण महिन्याभरात रक्कम येते.

लॉगिन तुमच्या मोबाइल नंबरवरच ठेवा. व्हेंडर म्हणतो तुम्ही कशाला त्रास घेता मी करतो सगळं, आणि स्वतःचा नंबर टाकतो, मग अर्ज कुठे अडकलाय हे तुम्हाला बघताही येत नाही. तो भरून देत असेल तर देऊ दे, पण शेजारी बसून, तुमच्या फोनवर.

एवढे पैसे एकदम नाहीत, कर्ज मिळतं का?

मिळतं, सरकारी बँकांतून, तारण न ठेवता. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांची मर्यादा आहे, १० टक्के रक्कम आपली घालायची, व्याज रेपो दरापेक्षा अर्धा टक्का जास्त, म्हणजे पर्सनल लोनच्या जवळपासही नाही. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. सबसिडी आली की ती कर्जातच भरा, हप्ता बिलातल्या बचतीच्या जवळ येतो. ज्यांनी ती दुसऱ्या खर्चाला वापरली त्यांना हप्ता जड जातोय असं बघितलंय.

जीएसटीचंही सांगते, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या वस्तूंवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. बसवण्यासकट पूर्ण कामावर हिशोब केला तर १३.८ टक्क्यांचा ८.९ टक्के झाला. त्याआधीचं कोटेशन तुमच्याकडे पडलं असेल तर नवीन मागा.

व्हेंडर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

किमान तीन कोटेशन घ्या, आणि आकडा बघायच्या आधी कोटेशनमध्ये काय काय लिहिलंय ते बघा. पॅनल डीसीआर, म्हणजे भारतीय बनावटीचे, आहेत का, हे पहिलं. सबसिडी हवी असेल तर पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असले पाहिजेत. डीसीआर पॅनल थोडे महाग असतात, म्हणून एखादं कोटेशन फारच स्वस्त दिसलं की आधी हा प्रश्न विचारा. मग इन्व्हर्टरचा मेक आणि वॉरंटी, पॅनलचं स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्ताचा लेप दिलेलं) आहे का आणि त्याची उंची किती, अर्थिंग किती (तीन हवीत, एसी बाजूचं, डीसी बाजूचं आणि आकाशातली वीज पडली तर वाचवणाऱ्या तडितरोधकाचं), केबल कुठल्या. पाच वर्षं देखभाल व्हेंडरने करायची हे योजनेतच आहे, त्याचे वेगळे पैसे कुणी लावत असेल तर देऊ नका.

सबसिडी तुमच्या खात्यात येते, व्हेंडरच्या नाही. आम्ही वजा करूनच बिल लावतो, तुमचं खातं आम्हाला द्या, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. फोनवर लिंक पाठवून फी भरा म्हणणाऱ्यांना तर उत्तरही देऊ नका, माझ्या आत्तेभावाने अशा लिंकवर पैसे भरले आणि ते परत आले नाहीत.

आणि सगळे पैसे आधी देऊ नका. थोडे बुकिंगला, मोठा हिस्सा माल घरी आल्यावर, आणि काही रक्कम नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. पॅनल बसवायला दोन दिवस लागतात, कागदांना महिना लागतो, आणि पैसे मिळून गेलेल्या माणसाला कागदांची घाई नसते.

गच्चीवर किती जागा लागते? गळती तर नाही ना सुरू होणार?

किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, ३ किलोवॅटला ३०० धरा. तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण पुण्याच्या अक्षांशाएवढा, १८ अंशाच्या आसपास.

जागेपेक्षा सावली महत्त्वाची. पॅनल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी माळेचं उत्पादन ओढलं जातं. सकाळी दहाला येऊन व्हेंडर म्हणतो छान ऊन आहे. तुम्ही स्वतः दुपारी तीन-साडेतीनला गच्चीवर जाऊन बघा, पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचं नारळाचं झाड यांची सावली कुठपर्यंत येते ते. आणि हे डिसेंबरात बघितलंत तर उत्तम, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. आम्ही गच्चीवर खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या, बारा वाजता कुठे, दोन वाजता कुठे, चार वाजता कुठे. त्या रेघा बघून व्हेंडरने पॅनलची जागा चार फूट पूर्वेला सरकवली.

गळतीचं म्हणाल तर पुण्यातल्या जुन्या गच्च्यांवर विटांचा कोबा असतो. त्यात भोक पाडून बोल्ट ठोकले की वॉटरप्रूफिंग गेलंच समजा, पहिल्या पावसात कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल दिसते. भोक न पाडता सिमेंटचे ठोकळे वरून बसवून त्यात खांब रोवायला सांगा, वाऱ्याचा हिशोब करून पुरेशा वजनाचे. कोबा आधीच गळत असेल तर आधी गच्ची दुरुस्त करा मग सोलर, नंतर पॅनल काढून घालायचा खर्च परवडत नाही.

एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. पॅनलच्या सावलीमुळे खालची खोली एप्रिल-मेमध्ये बरीच गार राहते. सासूबाई दुपारी वरच्या खोलीत झोपायला लागल्या, त्याआधी दहा वर्षं उन्हाळ्यात ती खोली बंदच असायची.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आम्हाला काय?

गच्ची सगळ्यांची असते त्यामुळे एकट्याने पॅनल लावायचे तर सोसायटीची परवानगी लागते, आणि वीस जणांनी मागितली तर जागा कुणाला द्यायची हा वाद होतो. मला विचाराल तर सोसायटीने मिळून करावं. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, पार्किंगमधलं ईव्ही चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, घरामागे ३ किलोवॅट या हिशोबाने आणि जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत. २० किलोवॅट बसवलं तर ३ लाख ६० हजार झाले.

सामायिक बिल किती असतं याचा अंदाज नसतो सभासदांना. ५ एचपीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॅट, रोज तीन तास चालला तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट एकटा पंप खातो. आणि पंप दिवसा चालवता येतो, टाकी उन्हात भरून घ्यायची, म्हणजे वीज तयार होते तेव्हाच वापरली जाते. सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, तिथे नुसतं सोलर बसवू या असं म्हटलं की अर्धे लोक मेंटेनन्स वाढेल म्हणून विरोध करतात, म्हणून मागच्या बारा महिन्यांची सामायिक बिलं झेरॉक्स करून प्रत्येकाच्या हातात द्या आणि मग बोला.

भाड्याने राहणाऱ्यांना मिळतं का?

नाही, घर आणि छत स्वतःचं हवं. पण बीएलडीसी पंखे काढून बरोबर नेता येतात.

बिल शून्य येईल का?

शून्य नाही. नेट मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो, तुम्ही किती घेतली आणि किती दिली. दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री तुम्ही घेता, आणि महिन्याअखेरीला वजाबाकी होते. घेतलेल्यापेक्षा दिलेली जास्त असेल तर ते युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. पण स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क भरावंच लागतं. सोलरनंतर घाईने कुणी तक्रार करतं की बिल आलंच, तर बिल उघडून आयात-निर्यातीचे युनिट बघा, बहुतेक वेळा आलेलं बिल स्थिर आकाराचंच असतं.

जमा युनिटचा हिशोब ३१ मार्चला बंद होतो. तोपर्यंत उरलेले युनिट वीज कंपनी घेते, पण तुम्ही जो दर भरता त्याच्या बऱ्याच कमी दराने. म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावून वीज विकून कमवू असा हिशोब घरगुती ग्राहकाने करू नये. सुदैवाने आपल्याकडचं ऋतुचक्र सोयीचं आहे, एप्रिल-मेमध्ये जमलेले युनिट जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत वापरले जातात.

आणि स्लॅब विसरू नका. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, वरचा टप्पा महाग. त्यामुळे वाचलेला प्रत्येक युनिट हा तुमचा सगळ्यात महाग युनिट असतो, आधी वरचे जातात.

लाइट गेली की सोलर चालतं ना?

चालत नाही, आणि हे आधी न कळल्याने लोक फार चिडतात. ग्रिड बंद झाली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, तसा नियमच आहे, नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. लाइट गेल्यावर वीज हवी तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम लागते, ती बरीच महाग पडते आणि बॅटरीसाठी वेगळी सबसिडी नाही. पुण्यात जिथे लाइट क्वचित जाते तिथे मी तरी सांगत नाही.

मुंबईत कसं?

पोर्टल तेच, सबसिडी तीच, फक्त वीज कंपनी तुमची निवडा. शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला महावितरण. मुंबईतल्या खासगी कंपन्या त्यांच्या ग्राहकांसाठी वेळोवेळी जुना पंखा किंवा एसी देऊन पाच स्टारचा सवलतीत घ्यायच्या योजना काढतात, त्यांच्या वेबसाइटवर किंवा बिलाच्या मागे बघत जा.

देखभाल किती?

धूळ पुसणं, एवढंच. पण ते नियमित. पुण्यात जानेवारी ते मे पंधरा दिवसांनी धुवावे लागतात, बाजूला बांधकाम चालू असेल तर आठवड्याला. कबुतरांची घाण पॅनलवर वाळली की त्या जागी सावलीसारखंच होतं. सकाळी लवकर धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच रबरी वायपरने ओढून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते मग निघत नाहीत. साबण नको, घासणी नको. आणि ज्येष्ठांनी ओल्या गच्चीवर हे एकट्याने करू नये. सासरे करायचे, आता मी त्यांना खुर्चीवर बसवून रोजचा आकडा वहीत लिहायचं काम दिलंय, संध्याकाळी सहाला मोबाइलवर इन्व्हर्टरचं ॲप उघडून युनिट बघतात आणि तारखेपुढे लिहितात. त्या वहीमुळेच मागच्या फेब्रुवारीत कळलं की रोजचे आठ-नऊ युनिट अचानक पाचवर आलेत, बघितलं तर एक कनेक्टर सैल झाला होता. व्हेंडरला वहीचं पान फोटो काढून पाठवलं, तो दुसऱ्या दिवशी आला.